घुमीचा माठ

हौसाआत्यानं तात्यांच्या हातावर पळी मारली. फार जोरात नाही, पण मारली. साठी ओलांडलेल्या थोरल्या भावाच्या, म्हणजे माझ्या बापाच्या हातावर, भर दुपारी, माझ्यादेखत.

"माठात हात घालायचा न्हाई म्हणून किती डाव सांगू तुला, दादा?"

"आगं, जिती हाय का मेली ते तरी बघू दे की."

"जिती हाय. डोळं चमकत्यात. लांबनं बघ."

तात्यांनी हात चोळत लांबून पाहिलं. मांजरांच्या खोलीच्या कोपऱ्यात गळका झालेला माठ आडवा ठेवला होता, त्याच्या तोंडावर पोत्याचा तुकडा लोंबत होता, आणि आत घुमी होती. काळी-पांढरी मांजरी, अंगानं किडकिडीत. कुणीतरी पोत्यात बांधून आत्याच्या दारात टाकली होती. पोतं सोडलं तशी ती समोर दिसलेल्या माठात शिरली, ती शिरलीच. कुणी जवळ गेलं तरी फिसकारायची नाही, ओरडायची नाही. घुमी हे नाव तात्यांनीच ठेवलं. आत्या मला चिडवायची, "एक घुमी माठात, एक घुमी खोलीत. बरा संसार हाय माझा."

खोलीतली घुमी म्हणजे मी.

आत्या मिरजेला एका इस्पितळात नर्स होती. लग्न केलं नाही. निवृत्त होऊन तासगावजवळच्या आमच्या गावी आली, तेव्हा तिच्यासोबत सामान कमी आणि मांजरंच जास्त होती. गावाला तेवढं निमित्त पुरे झालं. उकिरड्यावर टाकायची ती पिल्लं लोक आता आत्याच्या दारात टाकू लागले, आणि वर 'हौसाक्काचा मांजरवाडा' म्हणून दात काढायलाही मोकळे. आत्या सगळ्यांना पुरून उरणारी. मांजरांना वाढवायची, औषधपाणी करायची, पुन्हा पिल्लं होऊ नयेत म्हणून गाडीत घालून डॉक्टरकडे न्यायची आणि मग चांगलं घर बघून देऊन टाकायची. दर रविवारी सांगली-मिरजेहून माणसं यायची. आत्या म्हणायची, "पोरगी बघायला येत्यात तशी येत्यात गं. रंग इचारत्यात, वय इचारत्यात, खाती किती ते इचारत्यात."

अडचण एकच होती. पिंजऱ्यात ठेवलेलं मांजर मलूल होतं. भिंतीकडं तोंड करून बसतं. पाठ करून बसलेलं मांजर कोण घरी नेणार? माणसं यायची, पिंजऱ्यांसमोरून फिरायची, चहा पिऊन जायची. मांजरांना ऊन, वारा, चढायला उंची, मागं धावायला काहीतरी हलतं हवं, म्हणजे ती ताजी राहतील आणि माणसांच्या मनात भरतील, असं आत्याचं म्हणणं. म्हणून तिचा डोळा मांजरांच्या खोलीला लागून असलेल्या तात्यांच्या बेदाण्याच्या शेडवर होता.

तात्यांनी वय झालं म्हणून द्राक्षबाग काढून ऊस केला होता. शेड रिकामी पडली होती. लोखंडी अँगल, त्यावर एकावर एक ताणलेल्या जाळ्यांचे मजले, वर पत्रा, चारी बाजू मोकळ्या. ज्या जाळ्यांवर द्राक्षं वाळत घालायची, त्याच जाळ्या.

"लक्ष्मीच्या जागेत मांजरं?" तात्या म्हणाले.

"लक्ष्मी कवाच उठून गेली. आता मांजरं तरी बसू देत."

तात्यांनी दोन दिवस तोंड फुगवलं आणि तिसऱ्या दिवशी स्वतःच पक्कड-तार घेऊन कामाला लागले. माणूस हट्टी, पण हाती घेतलेलं काम अर्धवट सोडणारा नव्हता. बागेवर पाखरांसाठी टाकायची जाळी त्यांनी शेडच्या चारी बाजूंनी ताणून बसवली. काढून टाकलेल्या वेलींची वाकडीतिकडी खोडं मजल्यांना टेकवून जिने केले. एका कोपऱ्यात वाळू, दुसऱ्यात चिंचेच्या पाल्याचा ढीग. त्या पाल्यात आत्या सुकट लपवायची, म्हणजे मांजरांनी ती शिकार केल्यासारखी हुडकून खावी. बांधावरचं खोकलीचं तण तिनं मुळासकट आणून कुंड्यांत लावलं. त्याच्या मुळांच्या वासानं मांजरं लोळायची, दारू प्यायल्यासारखी झिंगायची. खोलीच्या भिंतीला खाली एक भोक पाडलं. त्यातून मांजरं मनात येईल तेव्हा शेडमध्ये जायची, मनात येईल तेव्हा परत यायची.

महिनाभरात मांजरवाडा ओळखू येईना. जी मांजरं भिंतीकडं तोंड करून बसायची ती आता खोडांवरून खालीवर धावत होती, जाळीबाहेरच्या चिमण्यांकडं बघून दात वाजवत होती. रविवारी आलेली माणसं हसायला लागली. टोपल्या भरून जाऊ लागल्या.

हे सगळं मी खिडकीतून बघत होते. माझ्या खोलीची खिडकी शेडकडं उघडायची.

दिवाळीत मी माहेरी आले होते आणि परत गेले नव्हते. माझा नवरा, संपत, कामावर जाताना मला खोलीत घालून बाहेरून कडी लावायचा. संध्याकाळी आला की काढायचा. कधी संध्याकाळी यायचाच नाही. सासूला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. तरणी बाई, घरात राहिलेली बरी. मी आले तेव्हा माझी नखं तुटलेली होती, बोटांची टोकं सोलली होती. आत्यानं काही न विचारता पट्ट्या बांधल्या. तात्यांनी बोटांकडं बघितलं आणि म्हणाले, "घरोघरी मातीच्या चुली. संसार म्हणलं की हे असायचंच." त्या दिवसापासून मी त्यांच्याशी बोलणं टाकलं. आई असती तर काय म्हणाली असती ठाऊक नाही. ती मी लहान असतानाच गेली.

आमच्या घरात लेकीबाळींनी आतून कडी लावायची पद्धत नव्हती. दार लोटलेलं असायचं, आणि तात्यांना आत यायचं असलं की ते ढकलून यायचे. त्यांचं घर, त्यांचं दार.

घुमी मात्र माठातून हलेना. बाकीची सगळी उन्हात, ही अंधारात. पाण्याची वाटी आणि खाणं आत्या माठाच्या तोंडाशी ठेवायची, कुणी नसताना ते संपायचं. तात्यांना ते सोसवेना. त्यांनी एवढं बांधलं आणि एक मांजर त्याच्याकडं ढुंकून बघत नाही म्हणजे काय? पळीचा मार खाल्ल्यावर त्यांनी हात घालायचं सोडलं आणि दुसरा उपाय काढला. ते शेडमध्ये, भिंतीच्या भोकासमोर, द्राक्षाच्या पालथ्या क्रेटवर पाठ करून बसायचे, एक हात मागं, तळव्यावर सुकट ठेवून. बघायचं नाही, वळायचं नाही. नुसतं बसायचं. आणि बोलायचे.

"ये बाई. कुनी न्हाई हितं. म्या हाय निस्ता. ऊन पडलंय बघ झकास. तुजी मर्जी. आज न्हाई तर उद्या ये. मला कुटं जायाचंय?"

मी खिडकीआड उभी राहून ऐकायची. माझ्या बापाचा हा आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. जो माणूस ताट वाढायला जरा उशीर झाला तर उठून जायचा, तो एका मांजरासाठी दुपारच्या दुपार घालवत होता. मला त्याचा राग यायचा. आणि खरं सांगायचं तर त्या घुमीचा हेवा वाटायचा.

एक दिवस घुमीनं भोकातून डोकं काढलं. मग पुढचे पाय. मग ती तात्यांच्या तळव्यावरची सुकट उचलून विजेसारखी माघारी पळाली. तात्या हलले नाहीत. पण मला समोरून त्यांचं तोंड दिसत होतं. लहान पोरासारखे हसत होते.

पुढं ती पहिल्या मजल्यावर चढली, मग दुसऱ्या. संक्रांत झाली तेव्हा ती शेडच्या सगळ्यात वरच्या जाळीवर, पत्र्याखाली, उन्हाच्या पट्ट्यात पोट वर करून झोपायला लागली होती. अनोळखी माणसाची चाहूल लागली की धाडकन उड्या टाकत खाली, भोकातून आत आणि थेट माठात; पोतं तेवढं हलत राहायचं. माठ ही तिची जागा होती आणि ती कुणी मोडायची नाही, हा आत्याचा नियम आता तात्यांनाही पटला होता. आल्यागेल्याला तेच सांगायचे, "माठात हात घालायचा न्हाई."

मिरजेच्या इनामदारबाई आल्या त्या रविवारी आत्यानं त्यांना माझ्या खोलीत आणलं. मांजरं बुजू नयेत म्हणून माणसांना खिडकीतूनच दाखवायची तिची रीत होती. बाई शिवणकाम करायच्या, बोलायला मऊ. त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि वर बोट दाखवलं.

"ती वरची. पोट वर करून झोपलीय ती."

घुमीला कुणी मागेल असं आत्याला वाटलंच नव्हतं. "ती माणसांत येत न्हाई बरं का पटकन. वेळ द्यावा लागंल."

"देईन की. मी तरी कुठं पटकन येते माणसांत?" बाई हसल्या. मग जरा अवघडून म्हणाल्या, "एवढंच, पिसवा नाहीत ना हो? घरात रांगता नातू आहे."

"औषध लावून देते. फुडच्या रविवारी या टोपली घिऊन."

तात्या दारात उभे राहून ऐकत होते. बाई गेल्यावर त्यांनी आत्याला दोनदा विचारलं, "घुमीलाच म्हनल्या न्हवं? आपल्या घुमीला?"

त्याच संध्याकाळी त्यांनी माझं दार ढकललं.

"फुडच्या रविवारी पाव्हणं येनार हाईत तुला न्यायला. म्या सांगावा धाडलाय. संपतराव बी येनार हाईत, त्यांची आई बी. बॅग भरून ठेव."

इतक्या दिवसांत मी पहिल्यांदा तोंड उघडलं. "मला जायचं न्हाई."

"तुला काय इचारलंय का म्या?"

रागानं नाही म्हणाले. पाणी कुठल्या पाटाला सोडायचं ते पाटाला विचारत नाहीत, तसं म्हणाले. आत्या मागून आली, तिनं सगळं ऐकलं होतं.

"दादा, त्या मांजरापाशी दिस-दिस बसलास. हिच्यापाशी घडीभर बसलास का?"

"ते मांजार हाय हौसा. हिचं घर हाय, दार हाय, नवरा हाय. तिकडं तिची जागा हाय. तिनं तितंच असाय पायजे."

"बोटं बघितलीस न्हवं तिची?"

"बघितली," तात्या म्हणाले आणि निघून गेले.

शनिवारी आत्या औषध आणायला तासगावला गेली. तात्या सकाळपासून शेडच्या मागं लागले होते. पिसवा हा शब्द त्यांच्या मनाला लागला होता. माल दुसऱ्याच्या घरी जायचा तर तो स्वच्छ जायला हवा; आयुष्यभर त्यांनी बेदाणा तसाच पाठवला होता. हंगाम सुरू व्हायच्या आधी ते दरवर्षी शेडला गंधकाची धुरी द्यायचे. चारी बाजूंनी प्लास्टिकचा कागद सोडायचा, फट राहू द्यायची नाही, घमेल्यात निखाऱ्यावर गंधक टाकायचं आणि दिवसभर कोंडून ठेवायचं. किडा-मुंगी, बुरशी, काही शिल्लक राहत नाही. तेच त्यांनी आता करायचं ठरवलं. विचारायला आत्या नव्हती, आणि असती तरी त्यांनी विचारलं असतं असं नाही.

त्यांनी एकेक मांजर उचलून खोलीतल्या पिंजऱ्यात घातलं. मायेनं घातलं, चापटी मारली नाही एकालाही. मग ते माठापाशी गेले. माझ्या दारातून मला खोलीचा तो कोपरा दिसायचा. पोतं सरळ लोंबत होतं, हलत नव्हतं. तात्या वाकले. हात पुढं गेला, थांबला, आणि त्यांनी तो मागं घेतला.

"बस आतच," ते माठाला म्हणाले. "उद्या तुला न्यायला येनार हाईत. चांगली मानसं हाईत."

भिंतीच्या भोकातून धूर खोलीत येऊ नये म्हणून त्यांनी आतल्या बाजूनं भोकावर फळी लावली आणि तिला दगड टेकवला. मग बाहेर कागद सुटला. माझ्या खिडकीसमोर आधी पांढरं झालं, मग पिवळसर. तो वास माझ्या लहानपणाचा होता, हंगामाचा, घरात पाहुणे-मजूर भरलेले असतानाचा. डोळे झोंबले तशी मी खिडकी लावून घेतली. तात्या चौकात चहाला गेले.

काही ऐकू आलं नाही. घुमी कधीच ओरडायची नाही.

आत्या फाटकातून आली तीच नाकाला पदर लावून. "ह्यो कसला वास? दादा! दादा कुटं हाय? मांजरं कुटं हाईत?"

तात्या तिच्या मागूनच आले, खुशीत. "सगळी पिंजऱ्यात हाईत. शेड अशी केलीया की पिसू औषधाला घावायची न्हाई."

"आन् घुमी?"

"माठात हाय की."

"बघितलीस?"

"आगं, तूच म्हनतीस न्हवं हात घालायचा न्हाई."

आत्या खोलीत गेली, गुडघ्यावर बसली, पोतं उचललं आणि कोपरापर्यंत हात माठात घातला. मग दुसरा हात घातला. मी दारात आले होते. तिनं हात बाहेर काढले तेव्हा त्यांना थोडे केस चिकटले होते, बाकी काही नव्हतं.

तात्या कागद फाडायला बाहेर धावले. आत्यानं दगड ढकलला, फळी ओढली. धुराचा लोट आत आला आणि त्याच्यासोबत, फळीला टेकून असलेली घुमी आत कलंडली.

ती वरच्या जाळीवर नव्हती. वास आल्याबरोबर खाली आली असणार, रोज यायची तशी, सगळे मजले उतरून, आपल्या भोकापाशी, आपल्या माठाकडं. भोकावर फळी होती. आत्यानं तिला मांडीवर घेतलं, छाती दाबली, नाकात फुंकलं. नर्सचे हात होते, जे येत होतं ते सगळं केलं.

तात्या खोकत आत आले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, गंधकानं की कशानं कोण जाणे.

"मला वाटलं," ते म्हणाले, "मला वाटलं तिची जागा हाय, तर तितंच आसंल."

"तूच तर बाहीर काढलीस तिला!" आत्या किंचाळली. "एवडी आस लावून बाहीर काढलीस, आन् आत कोन हाय न्हाई ते बघितलं न्हाईस! कधी कुनाला इचारलंस रे तू जन्मात? कधी वाकून बघितलंस?"

तात्या त्या फळीकडं बघत होते. शेडच्या बाजूला फळीवर खालपर्यंत ओरखडे होते, ताजे, लाकडाचा पांढरा गर दिसत होता. एका ओरखड्यात नखाचा तुकडा अडकला होता. त्यांनी तो बोटानं चाचपला. मग मान वर करून माझ्याकडं बघितलं. माझ्या तोंडाकडं नाही, हातांकडं. माझी नखं तोवर वाढली होती, दोनच वाकडी आली होती. मी हात पदराखाली घेतले.

त्यांनी घुमीला माठात ठेवलं आणि माठासकट चिंचेखाली पुरलं. खड्डा एकट्यानं खणला, आत्याला फावड्याला हात लावू दिला नाही. रात्री जेवले नाहीत.

रविवारी आधी इनामदारबाई आल्या. टोपलीत त्यांनी चिटाच्या तुकड्यांची गादी शिवून घातली होती. आत्या सांगायला पुढं झाली, पण तात्यांनी तिला मागं सारलं.

"बाई, घुमी न्हाई. म्या मारली. मुद्दाम न्हाई, पन म्याच मारली."

बाईंनी टोपली खाली ठेवली. बराच वेळ त्या खिडकीतून रिकाम्या वरच्या जाळीकडं बघत राहिल्या. दुसरं मांजर बघता का, असं आत्यानं विचारलं तेव्हा त्या 'नको' म्हणाल्या. जाताना गादी ठेवून गेल्या. ती अजून आहे. आता आत्या नाही, तात्या नाहीत, मांजरं मीच बघते. जे मांजर बुजरं असेल त्याला मी ती गादी देते.

त्या गेल्या आणि थोड्या वेळानं फाटकाशी जीप थांबली. मला सासूचा आवाज ओळखू आला, मग संपतचा. माझी बॅग भरलेली नव्हती. मी खाटेवर बसून होते आणि दार नेहमीसारखं लोटलेलं होतं. ओट्यावर पावलं वाजली, ती तात्यांची. आता दार ढकललं जाणार म्हणून मी उठून उभी राहिले.

दार ढकललं गेलं नाही.

"वैजू," बाहेरून आवाज आला. "आत हाईस का गं?"

माझ्या जन्मात त्यांनी हे विचारलं नव्हतं. मी दाराच्या फटीपाशी गेले. फटीतून मला दिसत होतं. ते दाराकडं पाठ करून उंबऱ्याबाहेर खाली बसले होते, क्रेटवर बसायचे तसे.

"घाई न्हाई," ते म्हणाले. "म्या हाय हितं."

बाहेर संपत विचारत होता, "मामा, कुटं हाय ती? उशीर होतोय."

"हाय," मी म्हणाले. "आत हाय, तात्या."

"जायाचंय तुला?"

"न्हाई."

ते गुडघ्यावर हात टेकून उठले. पाठ तशीच माझ्याकडं होती.

"मग आतनं कडी लाव," ते म्हणाले आणि फाटकाकडं चालू लागले.

कडी गंजली होती. दोन्ही हातांनी ओढावी लागली.